मैत्रीण सोबत होती, तरी भीती गेली नाही

‘‘ताई, एकटी नव्हते. मैत्रीण सोबत होती, तरी जमलं नाही. म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे ना?’’

लोकांत मिसळायला घाबरणारी माणसं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. यावेळी विचारणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या, न्यू जर्सीत बरीच वर्षं राहिलेल्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ऑफिसात त्या उत्तम काम करतात, पण चार माणसं नाचायला, गायला, खेळायला उभी राहिली की यांना काहीतरी काम सुचतं. हळदीला सगळ्यांचे व्हिडिओ काढायची जबाबदारी यांची. भोंडल्याला पाटावर हत्ती काढून देणार आणि फेर सुरू झाला की खिरापतीच्या निमित्ताने स्वयंपाकघरात. ‘‘सगळे माझ्याकडेच बघतील, हसतील,’’ एवढंच कारण.

त्यांची मैत्रीण न्यूयॉर्कला स्विंग, म्हणजे जॅझच्या तालावरचा जोडीने करायचा नाच, नाचायला जाते. तिने आग्रह केला, मीही ‘‘जा की, मैत्रीण आहेच,’’ म्हटलं. तिथे माझं चुकलं. जाऊन काय करणार, हे मी विचारलंच नाही. त्या भिंतीशी बसल्या, मैत्रिणीची पर्स आणि जॅकेट सांभाळलं, फोन बघितला आणि घरी आल्या. भीती होती तेवढीच राहिली, वर ‘सोबत असूनही जमलं नाही’ हा नवा पुरावा हाती आला.

पर्स सांभाळणं, फोन बघणं, मैत्रिणीच्या आडोशाला राहणं, या सगळ्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण आपण नाचलो असतो तर लोक खरंच हसले असते का, हे कळायची संधीच येत नाही. म्हणून माझं मत असं झालं आहे की मैत्रिणीने दारापर्यंत जरूर आणावं, आत मात्र ढाल होऊ नये. मैत्रिणीलाही हे आधी सांगावं लागतं, नाहीतर ती प्रेमाने जागा सोडत नाही.

पुढच्या खेपेची तयारी आम्ही कागदावर केली. डावीकडे त्यांनी अंदाज लिहिले: ‘‘किमान 10 जण हसतील. माझे हात घामाने ओले असतील आणि समोरच्याला किळस येईल. चुकले की सगळे थांबून बघतील.’’ उजवी बाजू कोरी ठेवली. एक प्रयोगही सांगितला. कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली तो प्रसिद्ध केला होता. एका विद्यार्थ्याला अवघडल्यासारखं वाटेल असा, गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवायचं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं.

जुलैतल्या एका संध्याकाळी दोघी न्यूयॉर्कमधल्या लिंकन सेंटर या कलाकेंद्राला गेल्या. तिथे 1989 पासून उन्हाळ्यात उघड्यावर नाचाच्या रात्री होत आल्या आहेत. आधी थोडा वेळ शिकवतात, मग बँड वाजतो. ट्रेनमध्ये मैत्रिणीने त्यांना फ्रँकी मॅनिंगबद्दल सांगितलं. लिंडी हॉप हा स्विंगमधला नाच न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवलेला. 1926 साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत, आणि मॅनिंग तिथला गाजलेला नाचणारा. पुढे स्विंग मागे पडलं, त्याने पोस्टात नोकरी धरली. 1980च्या दशकात तरुण मुलं त्याला शोधत आली, तेव्हा सत्तरीच्या आसपासचा तो पुन्हा शिकवायला लागला आणि नव्वदीतही शिकवत होता. ‘‘या वयात कसला नाच’’ हे त्यांचं पालुपद त्या संध्याकाळी ऐकू आलं नाही, असं मैत्रीण म्हणाली.

स्विंगच्या शिकवणीत एक सोय आहे. थोड्या थोड्या वेळाने जोडीदार बदलतात, त्यामुळे मैत्रीण आपोआप दूर गेली. एक रॉक स्टेप (एक पाऊल मागे, लगेच परत जागेवर), दोन ट्रिपल स्टेप (तीन-तीन झटपट पावलं). पहिल्या जोडीदाराबरोबर त्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या आणि चुकत राहिल्या. मी त्यांना फुगडीची आठवण देऊन पाठवलं होतं: फुगडीत स्वतःचे पाय बघत बसलं तर तोल जातो, समोरचीच्या हाताच्या ओढीकडे लक्ष ठेवावं लागतं. तिसऱ्या जोडीदाराला त्यांनी ते करून पाहिलं. हात कधी ओढला जातो, कधी सैल होतो, एवढ्यावरच लक्ष. भीती होती, पण तिच्याकडे बघायला सवड नव्हती. भीती जाण्याची वाट न बघता लक्ष बाहेर वळवणं, बहुतेकांना मी हेच शिकवते. आणि ते घरी बसून शिकता येत नाही.

नंतर बँड लागल्यावर त्या एका जोडप्यावर आदळल्यासुद्धा. एकाने नाचायला विचारलं तेव्हा थकल्यामुळे ‘‘नको, थँक यू’’ म्हणाल्या, तो हसून पुढे गेला. नकार इतका साधा असतो, याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं.

(घराबाहेर पडणं, नोकरी, झोप यांवरच भीतीचा परिणाम होत असेल, छाती धडधडून जीव घाबरत असेल, तर हे एकट्याने करू नका. आधी तज्ज्ञांना भेटा.)

पुढच्या भेटीला त्यांनी कागद आणला. उजवीकडे लिहिलं होतं: ‘‘दोघांनी वळून बघितलं, त्यातली एक हसली, पण ती ‘लागलं नाही ना’ असं विचारत होती. एका मुलाचे हात माझ्यापेक्षा ओले होते. मला किळस आली नाही.’’ हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं.

मी नवा कागद पुढे केला. बराच वेळ पेन हातात धरून त्यांनी डावीकडे लिहिलं, ‘‘नवरात्र. भोंडला. खिरापत मैत्रीण करेल.’’