वाचकांचे प्रश्न : जेर्बा बेटावर कुटुंबासह एक आठवडा

प्रश्न : वयस्क आई, पत्नी आणि दोन मुलांसह भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर आठवडाभर निवांत राहायचे आहे. हलाल जेवण आणि नमाजाची सोय सहज होईल असे ठिकाण सुचवावे.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ट्युनिशियातील जेर्बा हे बेट आपण अवश्य विचारात घ्यावे. देशच मुस्लिमबहुल असल्यामुळे हलाल खाणावळ शोधत हिंडावे लागत नाही आणि मशिदी गावोगावी आहेत. मात्र किनाऱ्यावरील मोठ्या हॉटेलांत परदेशी पाहुण्यांसाठी मद्य मिळते. तेव्हा मद्यरहित भोजनकक्ष आहे का आणि अंगभर पोशाखात पोहण्याच्या तलावात उतरू देतात का, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

जुलै-ऑगस्टमधील उन्हाळा आपल्या आईंना सोसणार नाही. मे किंवा ऑक्टोबर निवडावा. रोज एकच ठिकाण पाहावे, एवढा आमचा आग्रह आहे. हूम्त सूकच्या बाजारात मासळीचा लिलाव होतो : उंच खुर्चीवर बसलेला लिलावदार दोरीत ओवलेले मासे हातात धरून बोली पुकारतो, आणि मुले तिथून हलत नाहीत. गेल्लाला येथे कुंभारांची कामे पाहता येतात, तर सेदुइकेशजवळची जमिनीखालची मशीद पाहताना आईंना पायऱ्या उतरताना हात द्यावा. 2023 साली जेर्बाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

ट्युनिशियाचे दिनार देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, म्हणून पैसे थोडे थोडे बदलावेत.