वाचक विचारतात : सेंद्रिय बागेतही मधमाश्या का मरतात?

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूस आणि काजूची बाग आहे. तीन वर्षं रासायनिक औषध मारलेलं नाही. मोहरावर निंबोळी तेल, दशपर्णी अर्क आणि फुलकिडे वाढले तर स्पिनोसॅड, एवढंच. तरी जानेवारीत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. असं का व्हावं?

उत्तर : आधी मेलेल्या माश्या तळहातावर घेऊन नीट बघा. जीभ बाहेर आलेली, मागच्या पायांना परागाच्या गोळ्या तशाच चिकटलेल्या, आणि आसपास काही माश्या थरथरत गोल फिरताहेत, असं दिसलं तर ती बहुधा विषबाधा. पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेल्या असतील तर उपासमार.

तुमच्या यादीत पहिला संशय स्पिनोसॅडवर. ते जिवाणूपासून मिळतं आणि सेंद्रिय शेतीत चालतं, म्हणून लोक निर्धास्तपणे मारतात. पण ओलं असेपर्यंत ते मधमाशीला जहाल आहे. फवारा वाळला की धोका बराच उतरतो, आणि एरवी वाळायला तीनेक तास पुरतात. आपल्याकडे थंडीत दव पडतं, तिथे हा हिशेब चुकतो. रात्री उशिरा मारलेलं औषध सकाळी पानांवर ओलंच असतं आणि सातेरी उजाडताच कामाला लागते. म्हणून फवारणी दिवस मावळताना, माश्या परतल्या की लगेच करा, आणि दवाचे दिवस टाळा. त्याहून बरं म्हणजे किडींचा बंदोबस्त मोहर फुटताना, फुलं उमलण्याआधीच करा. उमललेल्या मोहरावर स्पिनोसॅड मारूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दशपर्णीत कण्हेर, धोतरा, रुई असा पाला असतो आणि प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी. तोही फुलांवर नको. निंबोळी तेल 10 लिटर पाण्याला 50 मिलि पुरे, पण आधी साबणाच्या पाण्यात चांगलं घोटून घ्या. तसं केलं नाही तर तेल वर तरंगतं आणि पंपातला शेवटचा फवारा मोहर करपवतो. भुरीसाठी, म्हणजे मोहरावरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, पाण्यात मिसळणारं गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम, तेही संध्याकाळीच.

दुसरं कारण कुंपणापलीकडे असू शकतं. सातेरी साधारण किलोमीटरभर फिरते. शेजारी तुडतुड्यांवर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मारलं जात असेल, तर ही औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि तुडतुडे सोडतात त्या गोड चिकट्यातही उतरू शकतात. तो चिकटा माश्या कधीकधी चाटतात. शेजाऱ्यांशी बोलून फवारणीचा दिवस आदल्या दिवशी कळेल एवढं तरी ठरवून घ्या. त्या दिवसाच्या आदल्या रात्री पेटीच्या दाराला बारीक तारेची जाळी लावा, वर एक रिकामा मधकोठा (मध साठवायचा वरचा कप्पा) चढवा म्हणजे माश्यांना पसरायला जागा होते, आणि झाकणावर ओलं गोणपाट टाका. दार फळीने गच्च बंद केलंत तर माश्या उकाड्यानेच मरतील. फवारणीच्या दिवशी संध्याकाळी दार उघडायलाच हवं. वाऱ्याचाही विचार करा. सकाळी मतलई वारा समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर खारा वारा जमिनीकडे. शेजारची बाग पूर्वेला असेल तर सकाळची फवारणी तुमच्याकडे येणार.

प्रश्न : श्रावणात सातेरी पेटी सोडून जाते. गुहागर भागात बऱ्याच जणांचा हाच अनुभव आहे.

उत्तर : बहुतेकदा पोटासाठी जाते. पावसाच्या झडीत माशी बाहेर पडू शकत नाही, फुलांतला पराग आणि मकरंद धुऊन जातो. मे महिन्यात मध काढताना पिल्लांच्या कोठ्यातल्या मधाला हात लावू नका. तो त्यांचा पावसाळ्याचा शिधा आहे. तरी कमी पडला तर 1 किलो साखर 1 लिटर उकळलेल्या पाण्यात विरघळवून, पूर्ण निववून, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पाव लिटर पेटीच्या आत ठेवा. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. पाक बाहेर सांडला तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. गुळाचा पाक देऊ नका, माश्यांना हगवण लागते.

माश्यांनी झाकलेली नाहीत ती पोळी काढून घ्या, मेणकिडा तिथेच शिरतो. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, पण पावसात त्या भरून वाहतात. पायांना ग्रीसचा पट्टा जास्त टिकतो. पेटी दाराकडे किंचित कलती ठेवा.

सेंद्रिय शेतीचा खरा उपयोग इथे होतो. तणनाशक नसल्याने तेरडा, लाजाळू उरतात. बागेतलं रान एका दिवसात सपाट न करता आलटून पालटून कापा. बांधावर तीळ, तूर, कारळे टाका; भाद्रपद-आश्विनात कारळे फुलले की वसाहत पुन्हा जोर धरते. माड बारमाही फुलतो, त्याच्या जवळपासची जागा पेटीला चांगली.

प्रश्न : मेलिफेराच्या, म्हणजे मोठ्या युरोपीय मधमाशीच्या, पेट्या आणाव्यात का?

उत्तर : नकोत. तिला सलग मोठा फुलोरा लागतो, म्हणून पाळणारे पेट्या हलवत राहतात. चार महिन्यांच्या पावसात खर्च साखरेतच जाईल. एकरी सातेरीच्या दोन पेट्यांनी सुरुवात करा.

प्रश्न : मध बाटलीत फसफसतो. आणि तो ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येईल का?

उत्तर : मध कच्चा काढला जातोय. चौकटीतली तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय काढू नका, आणि काढायचा तो कोरड्या दुपारी, वळवाच्या सरींआधी. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमाप्रमाणे मधात पाणी 20 टक्क्यांपर्यंतच चालतं. रिफ्रॅक्टोमीटरने मोजता येतं. सेंद्रिय शिक्क्यासाठी केवळ तुमची बाग पुरत नाही. युरोपच्या नियमांत पेटीभोवतीचा 3 किलोमीटरचा परिसर बघितला जातो, आणि हापूसच्या पट्ट्यात तो मिळणं कठीण. त्यापेक्षा लेबलवर सातेरीचा मध, गावाचं नाव, काढल्याचा महिना आणि एफएसएसएआय नोंदणी क्रमांक छापा.