पाचशेच गाड्या, तरी वर्षानुवर्षं पडून

तुमचा प्रश्न असा आहे की, मोजक्याच बनणाऱ्या परफॉर्मन्स कार घेणाऱ्यांची आवड देशागणिक एवढी का बदलते, आणि शेवटी सगळी किंमत ब्रँडच्या नावाचीच असते का. अशा गाड्यांचे लिलाव मी बरीच वर्षं आवडीने बघत आलोय, त्यावरून सांगतो. हो, किंमत नावाचीच असते. पण त्या नावाचा मान प्रत्येक देशात वेगळा असतो, कारण तिथल्या लोकांनी त्या नावाच्या गाड्या कुठल्या शर्यतीत पाहिल्या, कुठल्या कायद्यामुळे त्यांना त्या मिळाल्या किंवा मिळाल्या नाहीत, हे वेगळं असतं. गाड्या कमी बनवल्या म्हणून आपोआप मागणी येत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे लेक्सस, म्हणजे जपानच्या टोयोटाचा महागडा ब्रँड, आणि त्याची एलएफए ही स्पोर्ट्स कार. २०१० ते २०१२ या काळात फक्त ५०० गाड्या बनल्या. ४.८ लिटरचं, दहा सिलिंडरचं व्ही१० इंजिन यामाहाच्या साथीने घडवलेलं, ९,००० आरपीएमपर्यंत जाणारं आणि इतक्या झटकन वेग पकडणारं, की साध्या काट्याच्या मीटरला ते झेपेना, म्हणून डिजिटल मीटर बसवावा लागला. त्या इंजिनाचा आवाज एकदा तरी ऐकाच! अमेरिकेत किंमत ३,७५,००० डॉलर होती. आणि उत्पादन थांबल्यावरही कित्येक वर्षं काही कोऱ्या गाड्या तिथल्या डीलरांकडे पडून होत्या. एवढे पैसे मोजणारा माणूस थेट फेरारीच्या शोरूममध्ये जायचा. लेक्सस म्हणजे त्याच्या लेखी कधीही त्रास न देणारी, शांत, आरामशीर गाडी. गुण चांगलाच, पण या बाजारात त्याला कोणी मान देत नव्हतं.

आज तीच एलएफए लिलावात मूळ किमतीच्या दुपटीच्याही वर जाते. गाडीत काडीचाही बदल झालेला नाही. बदलले ते घेणारे. जपानी गाड्यांची चित्रं भिंतीवर लावत आणि व्हिडिओ गेममध्ये त्या चालवत वाढलेल्या पिढीच्या हातात आता पैसा आलाय.

अमेरिकेत या पिढीच्या ओढीला कायद्याने आणखी धार लावली. तिथल्या नियमांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षं जुनी झाल्याशिवाय सहसा आणता येत नाही. १९८९ची निसान स्कायलाइन जीटी-आर २०१४ मध्ये खुली झाली, तिचीच पुढची पिढी, १९९९ची आर३४, थेट २०२४ मध्ये. सुबारूची १९९८ची इम्प्रेझा २२बी जपानसाठी ४०० बनली होती. तिच्यासाठी अमेरिकी चाहत्यांना २०२३ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. इतकी वर्षं जे मिळतच नव्हतं, त्याचा मान वाढत गेला. जपानमध्ये मात्र कितीतरी वर्षं याच्या उलट होतं. तिथे स्टीअरिंग उजवीकडे असतं, तरी फेरारी घेणारे अनेकजण मुद्दाम डावीकडचं स्टीअरिंग मागायचे. टोल भरताना गैरसोय झाली तरी चालेल, पण गाडी परदेशातून आलीय हे बघताक्षणी कळलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये फोर्डला जो जिव्हाळा मिळतो, तो बाहेरच्या माणसाला लवकर समजत नाही. सिएरा ही तिथे कंपन्यांच्या फिरत्या विक्रेत्यांना मिळणारी साधी गाडी. पण ग्रुप ए शर्यतींच्या (रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या शर्यतींच्या) नियमांसाठी १९८७ मध्ये तिचीच आरएस५०० कॉसवर्थ आवृत्ती निघाली. ५०० गाड्या, सगळ्या उजव्या स्टीअरिंगच्या. रविवारी शर्यत जिंकणारी गाडी आणि शेजाऱ्याच्या दारातली गाडी एकाच घराण्यातली! आज त्या गाडीवर तिथे बोली लागते ती ब्रँड उंची आहे म्हणून नव्हे, आपला आहे म्हणून. ऑस्ट्रेलियात १९७१च्या फोर्ड फाल्कन जीटीएचओ फेज थ्रीचं हेच आहे. चार दारांची सेडान, पण बाथर्स्टची प्रसिद्ध शर्यत जिंकलेली, आणि लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर ओलांडलेली. त्या देशाबाहेर तिचं नाव किती जणांना ठाऊक असेल?

आवड म्हणून जे दिसतं, ते पुष्कळदा कराचं गणितही असतं. इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर जबर कर होता, म्हणून फेरारीने दोन लिटरच्या आतलं व्ही८ इंजिन असलेली २०८ काढली आणि बीएमडब्ल्यूने ३२०आयएस. चीनमध्ये चार लिटरच्या वरच्या इंजिनावर ४० टक्के उपभोग कर आहे, त्यामुळे तिथे लहान टर्बो इंजिनं पुढे येतात.

याउलट अमेरिकी ग्राहकांचा मॅन्युअल गियरचा हट्ट निखळ आवडीतून आलेला आहे. बीएमडब्ल्यूची व्ही१०वाली ई६० एम५ सेडान युरोपात फक्त एसएमजी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या गियरबॉक्सवर मिळत होती. उत्तर अमेरिकेसाठी कंपनीला खास मॅन्युअल द्यावा लागला. मला हा हट्ट मनापासून पटतो.

आता नावाची खरी कसोटी बघायची तर रिमाक नेव्हेरा बघा. क्रोएशियात बनणारी, १,९०० हॉर्सपॉवरच्या वरची इलेक्ट्रिक गाडी, १५०च बनवायच्या ठरलेल्या. पण २०२४ मध्ये कंपनीचे संस्थापक माटे रिमाक यांनीच सांगितलं की, या थरातल्या ग्राहकांना इलेक्ट्रिक हायपरकार नको आहे. त्याच वर्षी त्यांच्याच नेतृत्वाखालच्या बुगाटीने टूर्बियों आणली. व्ही१६ इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर, २५० गाड्या, किंमत ३८ लाख युरोपासून पुढे. ताकद नेव्हेरापेक्षा थोडी कमीच. गाडी ग्राहकांच्या हाती पडायच्या कितीतरी आधी तिचं बुकिंग मात्र जोरात झालं. इथे इंजिनाची ओढ किती आणि बुगाटी या नावाची किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझ्या मते नावाचं पारडं जड आहे.