वाचकांचे प्रश्न : कोरियातील कुळे, वंशावळी आणि आजोळ

कोरियन मालिकांचा प्रेक्षकवर्ग कोकणातही चांगलाच वाढलेला दिसतो, कारण त्या मालिकांतील विवाह, कुळ आणि प्रतिष्ठा यांविषयी विचारणारी पत्रे किनाऱ्यावरच्या गावांमधून सातत्याने येत आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचे काम चालू आहे. जुन्या आवृत्तीत मुलीपुढे केवळ सासरचे आडनाव दिले असून तिच्या मुलाबाळांना स्थान नाही. आता ते द्यावे, असे आम्हा काही जणांचे मत आहे. पण वंशावळ ही जगभर पुरुषांचीच असते, कोरियासारख्या कुळाभिमानी देशातही हीच रीत आहे, असे समितीतील ज्येष्ठ मंडळी म्हणतात. हे खरे आहे का? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : कोरियाचा दाखला ज्येष्ठांना वाटतो तितका त्यांच्या बाजूचा नाही. आज उपलब्ध असलेली कोरियातील सर्वांत जुनी वंशावळ आंदोंगच्या क्वॉन कुळाची असून ती 1476 सालची आहे. तीत मुलगे आणि मुली जन्मक्रमाने नोंदवलेले आहेत, आणि मुलीची मुले, त्या मुलांची मुले, त्यांतल्याही मुलींची संतती असा विस्तार बिनतक्रार पुढे चालू राहतो. त्यामुळे त्या ग्रंथातील बहुसंख्य माणसांचे आडनाव क्वॉन नाहीच. ग्रंथाची प्रस्तावना लिहिणारा विद्वान सो गॉजॉंग हाही क्वॉन कुळाचा दौहित्र होता, म्हणजे आजोळच्या नात्याने त्या वंशावळीत बसणारा. एखाद्या मुलीने पुनर्विवाह केला असल्यास ‘नंतरचा पती’ अशी त्याचीही नोंद तेथे सापडते, आणि ती लपवण्याची गरज कोणाला भासलेली दिसत नाही. मात्र या वंशावळीचे फार कौतुक करण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलीचे स्वतःचे नाव याही ग्रंथात नाही. तिच्या जागी जावयाचे नाव आहे.

ही पद्धत आकाशातून पडलेली नव्हती. गोर्यो राजवटीत (918 ते 1392) आणि त्यानंतरच्या जोसॉन राजवटीच्या पहिल्या दोन शतकांत वर हा वधूच्या घरी जाऊन लग्न करीत असे आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे तेथेच राहत असे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. तेथे मुलांचे सारे बालपणच आजोळी जाई. थोर विचारवंत यी ई, ज्याला त्याच्या युलगोक या टोपणनावाने अधिक ओळखतात, तो 1536 साली पूर्व किनाऱ्यावरील गांगनुंग येथे आजोळच्या घरात जन्मला. त्याची आई, चित्रकार आणि कवयित्री शिन साइमदांग, लग्नानंतरही बराच काळ माहेराशी बांधलेली होती. साइमदांगला भाऊ नव्हता. त्या पाच बहिणीच. ते घरही एकाहून अधिक वेळा जावयांच्या हाती गेलेले आहे. आज ही आई आणि हा मुलगा दोघेही कोरियाच्या चलनी नोटांवर आहेत.

जेथे माणूस आजोळी वाढतो, तेथे आजोळच्या इस्टेटीवर त्याचा हक्क नाही असे म्हणणे अवघड जाते. 1485 साली अमलात आलेल्या जोसॉनच्या विधिसंहितेने औरस मुलगे आणि औरस मुली यांना समान वाटा दिला होता. जो पितरांचे श्राद्धकर्म चालवील त्याला तेवढा थोडा अधिक. हे केवळ कागदावर राहिले नाही. युलगोकच्या भावंडांचे 1566 सालचे वाटणीपत्र आजही जतन केलेले आहे, आणि त्यात चार भाऊ व तीन बहिणी यांच्यात जमीन आणि गुलाम सारखे वाटलेले असून वडिलांच्या उपपत्नीलाही हिस्सा दिलेला आहे. श्राद्धाची जबाबदारीही भावंडे पाळीपाळीने घेत, बहिणी धरून. मुलगा नसेल तर मुलीचा मुलगा आजा-आजीचे पितृकार्य करी, आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नसे.

मग तुमचे ज्येष्ठ ज्या कोरियाविषयी बोलत आहेत, तो कोठून आला? जोसॉनचे राज्यकर्ते कन्फ्यूशियसच्या विचारांचे कट्टर अनुयायी होते, आणि वराने वधूच्या घरी राहणे त्यांना शास्त्रविरुद्ध वाटे. शास्त्राप्रमाणे वराने वधूला आपल्या घरी आणले पाहिजे. पण लोक ऐकत नव्हते. राजा सेजोंगच्या दरबारात 1430 साली किम जोंगसो या अधिकाऱ्याने त्याचे कारण मोठ्या व्यवहारी भाषेत सांगितले : मुलगी सासरी आणायची म्हटली की नोकरचाकर, कपडेलत्ते, भांडीकुंडी हे सारे मुलाकडच्यांनी उभे करावे लागते, आणि हा खर्च कोणाला नको असतो. सेजोंगने 1435 साली राजघराण्यातील एक लग्न नव्या पद्धतीने लावून उदाहरण घालून दिले, तरी रयतेने आणि सरदारांनीही ते लवकर उचलले नाही.

खरा बदल सतराव्या शतकात झाला, आणि माझ्या मते त्यात शास्त्रापेक्षा शेतीचा वाटा मोठा होता. 1592 ते 1598 ची जपानी स्वारी आणि त्यानंतर 1627 व 1636 च्या मांचू स्वाऱ्या यांनी देश पोळून निघाला होता, आणि दर पिढीला सर्व मुलामुलींत समान वाटणी करत गेल्यास जमिनीचे काय होते, हे ज्यांच्या कलमांच्या बागेच्या सातबाऱ्यावर डझनभर नावे आहेत त्या कोकणी वाचकांना समजावून सांगायला नको. बुआन येथील किम घराण्याने 1669 साली आपल्या वंशजांसाठी लिहून ठेवले की यापुढे मुलींकडे श्राद्धाची पाळी देऊ नये, कारण जावई आणि नातू ती नीट पाळत नाहीत, आणि मुलींना मुलाच्या वाट्याच्या एक तृतीयांश जमीन द्यावी. अशी पत्रे हळूहळू इतर घराण्यांतही होऊ लागली. वंशावळींत मुलगे आधी आणि मुली नंतर असा क्रम आला, मुलीची संतती एक-दोन पिढ्यांपुरती उरली, आणि मुलगा नसलेल्या घरात दौहित्राऐवजी भाऊबंदांतला पुतण्या दत्तक घेण्याची चाल रूढ झाली. वंशावळीत मुलींच्या शाखा घ्यायच्या की नाही, हे तुमच्या समितीने आणि छपाईच्या खर्चाने ठरवावे; कोरियाचे नाव घेऊन त्या वगळायच्या असतील तर मात्र सतराव्या शतकानंतरच्या कोरियाचे, असे स्पष्ट म्हणावे.

प्रश्न : मालिकांत लग्न झालेल्या कोरियन स्त्रिया माहेरचेच आडनाव लावतात. आमच्याकडे तर लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून मुलीचे पहिले नावसुद्धा बदलतात. जुन्या कोरियातील स्त्रिया आमच्यापेक्षा स्वतंत्र होत्या, असे म्हणावे का? (एक वाचिका, देवगड)

उत्तर : नाही. तेथे आडनाव हे पित्याच्या रक्ताची खूण मानले जाते, आणि रक्त लग्नाने बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सासरच्या कुळात आयुष्य घालवूनही ती नोंदींत ‘किम घराण्यातली’ किंवा ‘यी घराण्यातली’ म्हणूनच उरे, आणि तिचे स्वतःचे नाव बहुधा कोठेच लिहिलेले नसे. साइमदांग हेसुद्धा त्या चित्रकर्तीने धारण केलेले नाव आहे, जन्मनाव नव्हे. विधवांच्या बाबतीत तर कायदा कठोर होता : 1485 च्या विधिसंहितेनुसार पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांना सरकारी अधिकारपदांच्या परीक्षेला बसता येत नसे. शिक्षा आईला नाही, मुलांना. बंदी घालण्याचा याहून परिणामकारक मार्ग क्वचितच सापडेल. विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक 1894 च्या सुधारणांनी दिली. आपल्याकडे तो कायदा 1856 चा आहे, अर्थात कायदा झाल्यावर किती विवाह झाले हा प्रश्न दोन्हीकडे वेगळा.

प्रश्न : उपपत्नीच्या मुलाला घरात आणि दरबारात अपमान सोसावा लागतो, हे कथानक फार वेळा दिसते. बाप उच्चकुलीन असताना मुलाचा दर्जा खाली कसा? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : कारण यांगबान म्हणवणाऱ्या उच्च वर्गात दर्जा दोन्ही बाजूंनी मोजला जाई. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या उमेदवाराला चार पूर्वजांची माहिती द्यावी लागे : वडील, आजोबा, पणजोबा आणि आईचे वडील. दर तीन वर्षांनी होणाऱ्या घरगणतीतही पती आणि पत्नी या दोघांच्या याच चार पूर्वजांची नोंद होई. म्हणजे मातामह कोण, हे सांगितल्यावाचून माणसाची ओळख पूर्ण होत नसे, आणि उपपत्नीच्या मुलाचे पहिले अडखळणे तेथेच होते.

गोर्योच्या अखेरीस बड्या अधिकाऱ्यांना गावाकडे एक आणि राजधानीत एक अशा दोन पत्नी असणे नवलाचे नव्हते. जोसॉनचा संस्थापक यी सॉंगग्ये याच्याही अशाच दोन पत्नी होत्या. त्याने राजधानीतल्या पत्नीच्या धाकट्या मुलाला युवराज केले, तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा यी बांगवॉन याने 1398 साली त्या सावत्र भावाला ठार करविले आणि पुढे तेजोंग या नावाने तो स्वतः राजा झाला. याच तेजोंगच्या काळात, 1413 साली, एकाच पत्नीला पत्नी मानावे आणि बाकीच्या उपपत्नी, असा कायदा झाला. कन्फ्यूशियन शास्त्राला हेच हवे होते, पण राजाच्या घरातले भांडणही त्यामागे नव्हते असे समजणे भोळेपणाचे होईल.

त्यानंतर भेद आकड्यांत उतरला. औरस संततीच्या वाट्याच्या मानाने, स्वतंत्र कुळातील उपपत्नीच्या मुलांना सातवा हिस्सा आणि गुलाम उपपत्नीच्या मुलांना दहावा. मुलकी अधिकाऱ्यांच्या परीक्षेची दारे त्यांना आणि त्यांच्या वंशजांनाही बंद झाली. वैद्यकी किंवा दुभाषाचे काम अशा दुय्यम मानलेल्या विद्या तेवढ्या उरल्या. राजवैद्य हो जुन हा असाच उपपत्नीचा मुलगा. 1592 च्या स्वारीत राजा राजधानी सोडून उत्तरेकडे गेला तेव्हा तो त्याच्यासोबत होता, तरी राजाने त्याला सर्वोच्च श्रेणी देऊ केली तेव्हा दरबाऱ्यांनी असा गहजब केला की ती त्याला मृत्यूनंतरच मिळाली. पुढे राजा जॉंगजोने 1779 साली आपल्या राजग्रंथालयात अशा चार विद्वानांना नेमले आणि दार थोडे किलकिले झाले. पेशवाईतील कुणबिणींच्या लेकावळ्यांची आठवण येथे होणे साहजिक आहे. फरक हा की कोरियात या भेदाला विधिसंहितेची मोहोर आणि परीक्षेच्या मंडपातली तपासणी होती.

गुलामांच्या बाबतीत तर आईचे रक्त म्हणजे करवसुलीचा प्रश्न. आईबापांपैकी एक जण गुलाम असला तरी मूल गुलाम, हा नियम दीर्घकाळ चालला. त्याने मालकांचे धन वाढे आणि राज्याचे करदाते व शिपाई कमी होत. म्हणून 1731 साली राजा यॉंगजोने मूल आईच्या दर्जाचे, असे कायमचे ठरवले, जेणेकरून गुलाम पुरुष आणि स्वतंत्र स्त्री यांची मुले स्वतंत्र राहतील. 1801 साली बहुतेक सरकारी गुलाम मुक्त झाले आणि 1894 साली गुलामगिरी व जन्मजात दर्जा दोन्ही कायद्याने संपले. तोवर दर्जाची किंमत उतरलेलीच होती. तेगू येथील घरगणतीत 1690 साली यांगबान कुटुंबे शेकडा 10 हूनही कमी होती, ती 1858 साली शेकडा 70 झाली, कारण धान्य देऊन कोऱ्या नेमणूकपत्रावर आपले नाव घालून घेणे आणि पैसे मोजून एखाद्या वंशावळीत शिरणे शक्य झाले होते. आपल्या पूर्वजांविषयी छापील पुराव्याने निश्चिंत असणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

प्रश्न : कोरियात एकाच आडनावाच्या दोघांचे लग्न होत नाही म्हणतात. हे आपल्या सगोत्रासारखेच का? (एक वाचिका, अलिबाग)

उत्तर : आडनाव आणि मूळ गाव, दोन्ही एक असल्यास. किम आडनावाचे लोक लाखोंनी आहेत, पण गिम्हेचे किम आणि ग्यॉंगजूचे किम ही वेगळी कुळे असून त्यांच्यात सोयरीक चालते. गिम्हेच्या किमांची तर गिम्हेच्या हो कुळाशीही सोयरीक होत नसे, कारण दोन्ही कुळे राजा सुरो आणि राणी हो ह्वांगओक यांच्यापासून निघाली, अशी समजूत आहे. तेराव्या शतकातील भिक्षू इर्योनने सांगितलेल्या कथेप्रमाणे ही राणी समुद्रमार्गे ‘आयुता’ नावाच्या देशातून आली. तो देश म्हणजे अयोध्या, असे मानणारे पुष्कळ आहेत, पण ती दंतकथा म्हणूनच घ्यावी.

ही बंदीही अनादि नव्हे. गोर्योच्या राजघराण्यात राजा ग्वांगजोंगची राणी त्याची सावत्र बहीण होती, आणि ती आईकडचे आडनाव लावी. बंदी जोसॉनच्या काळात आवळत गेली आणि विसाव्या शतकातील नागरी कायद्यातही शिरली. आपल्याकडे सगोत्र विवाहाची अडचण 1946 च्या कायद्याने दूर झाली. कोरियाच्या घटना न्यायालयाने ती तरतूद 1997 साली घटनेशी विसंगत ठरवली आणि 2005 साली कायदा बदलला. आता आठव्या पायरीपर्यंतचे रक्ताचे नातलग तेवढे निषिद्ध आहेत, आणि ही मोजणी वडिलांकडून व आईकडून सारखीच होते, तर आपला 1955 चा हिंदू विवाह कायदा वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या मोजतो व रूढीला सवलत देतो. त्यामुळे आपल्याकडे अनेक जातींत चालणारे मामाच्या मुलीशी लग्न तेथे होऊ शकत नाही. मामेबहीण चौथ्याच पायरीवर येते.