रुळांवरचा पहिला दिवस

रेल्वेमार्गाच्या देखभालीच्या कामाला आल्या आल्या स्लीपर (रुळांखालचा आडवा ठोकळा) बदलायला मिळणार नाही, हे आधीच सांगतो. सुरुवातीला हातात कोयता आणि फावडंच येईल. तेही मजेचं असतं, बघशील.

- रुळावर पाय ठेवून ओलांडू नकोस. दव पडलं की रूळ साबणासारखा निसरडा होतो.
- गाडीवर नजर ठेवणाऱ्याची शिट्टी झाली की हत्यार उचलून लगेच बाजूला. ‘एवढा एक बोल्ट’ नाही!
- कापलेली झुडपं नालीत टाकू नकोस. नवखे हमखास टाकतात, मीही टाकलीत. पाणी तुंबलं की खडीत चिखल होतो, मग प्रत्येक गाडीखाली स्लीपर वरखाली होतो आणि चिखलाच्या पिचकाऱ्या उडतात.

फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), स्लीपरखाली खडी ठासणं पुढे बघू. पोलादी टोकाचे बूट मात्र आधी घे.