जुन्या पिकअपचा एसी अनेक वर्षे बंद आहे. नुसता गॅस भरून तो चालू होईल का?

आपली पिकअप १९९० च्या सुमाराची आहे, एसी अनेक वर्षे बंद आहे, कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारा भाग, लागत नाही आणि मेकॅनिक एकदा गॅस भरून पाहू म्हणतो आहे, तर तसे करावे का, असा आपला प्रश्न आहे. मी जुन्या गाड्यांच्या एसीचीच कामे करतो आणि माझा स्पष्ट सल्ला आहे की इतक्यात गॅस भरू देऊ नका. एसीचा गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी निसटला आहे, आणि यंत्रणा रिकामी झाल्यावर त्याच वाटेने हवा आणि हवेतली वाफ आत शिरली आहे.

सुरुवातीला इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड गेज, म्हणजे यंत्रणेतला दाब दाखवणारे मीटर, लावावा. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस असताना आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तर दाब साधारण ९५ पीएसआय दिसतो. काटा शून्यावर असेल तर यंत्रणा रिकामी आहे आणि क्लच का लागत नाही याचे उत्तरही बहुधा तिथेच मिळते, कारण दाब नसताना लो-प्रेशर स्विच क्लचला वीज जाऊ देत नाही. हा स्विच तार जोडून डावलणे आणि कॉम्प्रेसर तसाच फिरवणे मात्र कटाक्षाने टाळावे. कॉम्प्रेसरमधले तेल गॅसबरोबरच फिरते, त्यामुळे गॅस नसताना तो कोरडाच फिरतो.

आत गॅस शिल्लक असेल तर तो हवेत सोडू नये, रिकव्हरी यंत्राने काढून घ्यावा. आपल्या गाडीच्या काळात आर-१२ हा गॅस वापरात होता. तो ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, मोजके अपवाद वगळता, त्याचे उत्पादन विकसित देशांत १९९६ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून बंद झाले. त्यामुळे यंत्रणा आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर आणणे हाच बहुतेकांसाठी व्यवहार्य मार्ग आहे. स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस किंवा तत्सम ज्वालाग्राही वायू भरून घेऊ नये. कूलिंग कॉइल गळली तर तो थेट केबिनमध्ये साचतो.

यानंतर कॉम्प्रेसर उतरवून त्यातले तेल पांढऱ्या कापडावर ओतून पाहावे. माझ्या मते संपूर्ण कामाचा खर्च या एका तपासणीवर ठरतो, आणि तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. तेल स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असेल आणि हब (कॉम्प्रेसरची पुढची चकती) हाताने फिरवताना कुठे अडकत नसेल, तर कॉम्प्रेसर ठेवायला हरकत नाही. तेल करडे असेल आणि कापड उजेडात तिरपे धरल्यावर त्यात चांदीसारखे बारीक कण चमकत असतील, तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे, आणि ते कण कंडेन्सरपर्यंत, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीपर्यंत, पोहोचलेले असतात. अशा वेळी नवा कॉम्प्रेसर बसवून बाकीचे भाग तसेच ठेवले, तर तेच कण नव्या कॉम्प्रेसरचाही बळी घेतात. जुन्या पद्धतीचा नळी-आणि-पट्ट्यांचा कंडेन्सर द्रावणाने धुऊन निघतो. अतिशय बारीक समांतर वाहिन्यांचा असेल तर तो बदलणेच शहाणपणाचे. कॉम्प्रेसरमध्ये धुण्याचे द्रावण कधीही घालू नये.

काही भाग मात्र दिसायला चांगले असले तरी बदलावेतच. सगळ्या जोडांवरच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) जुन्या गाडीत बहुधा चपट्या आणि कडक झालेल्या असतात. त्यांच्या जागी एचएनबीआर या कृत्रिम रबराच्या, तेलाचे बोट लावून बसवाव्यात. ड्रायर (ओलावा टिपणारा डबा), किंवा ऑरिफिस ट्यूब म्हणजे दाब उतरवणारी बारीक नळी असलेल्या गाडीत तेच काम करणारा ॲक्युम्युलेटर, नवा घ्यावा. त्यातले ओलावा शोषणारे दाणे इतक्या वर्षांत निकामी झालेले असतात, आणि आर-१२ च्या काळातल्या सगळ्याच ड्रायरमधले दाणे आर-१३४ए ला चालत नाहीत. नवा ड्रायर अगदी शेवटी बसवावा आणि तोवर त्याची टोपणे काढू नयेत. आर-१२ बरोबरचे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, म्हणून जुने तेल पूर्ण काढून एस्टर तेल घालावे. पीएजी हे दुसरे कृत्रिम तेलही वापरतात, पण जुन्या तेलाचा आणि क्लोरीनचा अंश राहिलेल्या यंत्रणेत मला एस्टर अधिक सुरक्षित वाटते.

गळती शोधताना घाई करू नये. रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयपर्यंत भरावा, प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावावे आणि काटा बराच वेळ स्थिर राहतो का ते पाहावे. ज्या जोडावर तेलकट धूळ चिकटलेली दिसते तिथून सुरुवात करावी, कारण गॅस निसटताना तेलही घेऊन जातो. पाइपाची दाबून बसवलेली टोके आणि कॉम्प्रेसरचे शाफ्ट सील या नेहमीच्या जागा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन किंवा टायरची हवा वापरू नये. तेलावर दाबाखालचा ऑक्सिजन स्फोट घडवू शकतो आणि हवेबरोबर ओलावा आत जातो.

मग व्हॅक्यूम. पंपाने दाब इतका उतरवला जातो की आतले पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जाते; समुद्रसपाटीला २९ इंच (पाऱ्याच्या) व्हॅक्यूमवर पाणी सुमारे २५ अंशांना उकळते. बराच काळ उघड्या राहिलेल्या यंत्रणेवर पंप निदान एक तास चालवावा, नंतर व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबावे आणि काटा जागचा हलतो का ते पाहावे. ओलावा राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, म्हणजे गॅसचा दाब एकदम उतरवणाऱ्या अरुंद वाटेपाशी, गोठून वाट अडवतो आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतो.

हे सगळे पार पडल्यावरच गॅस भरावा, आणि तोही वजन करून. आर-१३४ए साधारणपणे आर-१२ च्या मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्के लागतो. लेबलवर १ किलो असेल तर ८०० ते ८५० ग्रॅम. जास्त गॅसने गारवा वाढत नाही, हाय-साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा, दाब तेवढा वाढतो. आर-१३४ए मध्ये जुना कंडेन्सर आधीच थोडा कमी पडतो, म्हणून त्याच्या पट्ट्यांमधला कचरा काढावा आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतो ना, हे तपासावे. दाब योग्य असूनही केबिनमध्ये हवा कोमट येत असेल, तर हीटरचा व्हॉल्व्ह किंवा डॅशबोर्डमधली झडप पूर्ण बंद होत नसण्याची शक्यता मोठी असते. तिथे आणखी गॅस भरून काही साधत नाही.

काम झाल्यावर जुने लेबल झाकून नव्या गॅसचे नाव, वजन आणि तेलाचा प्रकार लिहिलेले लेबल बॉनेटखाली लावावे, आणि सर्व्हिस पोर्टवर आर-१३४ए चे ॲडाप्टर कायमचे बसवावेत, म्हणजे पुढचा मेकॅनिक चुकीचा गॅस त्यात मिसळणार नाही.