उत्तर कोरियाच्या बॉम्बची भीती वाटते का, असं विचारलंस म्हणून

तुझा निरोप परवा भावानं वाचून दाखवला. डिचोलीचा मुलगा, दक्षिण कोरियात सुवॉनला नोकरी पक्की, बायको आणि पहिलीत जाणारी मुलगी बरोबर न्यायची आहे, आणि सासूबाई म्हणतात, जिथं शेजारी अणुबॉम्ब घेऊन बसलाय तिथं नातीला पाठवणार नाही. तू विचारलंस, "ताई, तिथल्या लोकांना त्या बॉम्बबद्दल नेमकं काय वाटतं? घाबरतात का?" दोन ओळींत कळवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. मुलाच्या सुट्टीत म्हार्दोळला आले आहे, श्रावणाची झड लागली आहे आणि तुझा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. तेव्हा सविस्तरच लिहिते.

व्हिसा, घरभाडं, विमा यातलं काही सांगत नाही. ते दूतावासाच्या आणि तुझ्या कंपनीच्या कागदांत सापडेल.

आम्ही २०१६ मध्ये सोलला गेलो. पुढच्या वर्षी ३ सप्टेंबरला उत्तर कोरियानं सहावी अणुचाचणी केली, त्यांची आजवरची सगळ्यात मोठी. रविवार होता, दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. मी गल्लीतल्या बाजारात लसूण घेत होते. दुकानातल्या टीव्हीवर एकदम लाल पट्टी आली आणि निवेदिकेचा आवाज चढला. लसूण तोलणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं, दोन गड्डे जास्तीचे टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. माझे पाय लटपटत होते. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ही माणसं दगडाची आहेत की काय?

दगडाची नाहीत. सीमा सोलपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, म्हणजे फोंड्याहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला जावं तेवढंच. त्या बाजूच्या तोफा बॉम्बच्या कितीतरी आधीपासून शहराकडे तोंड करून आहेत. १९५३ मध्ये तिथं युद्धविराम झाला, तह आजतागायत नाही. अशा ठिकाणी माणूस रोज घाबरत बसला तर लसूण कोण विकणार? सासूबाईंना हे सांग. मेट्रोच्या स्थानकांत काचेच्या कपाटात विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे ठेवलेले दिसतील, ऑगस्टमध्ये नागरी संरक्षणाचा सराव असतो, भोंगे वाजतात. पहिल्यांदा पोटात गोळा येईल, नंतर येणार नाही.

पण लोकांना काही वाटतच नाही असं समजू नकोस. २०२२ च्या सुरुवातीला शिकागो कौन्सिल ऑन ग्लोबल अफेअर्स या संस्थेची एक पाहणी आली. दक्षिण कोरियातले ७१ टक्के लोक म्हणाले, आपल्याकडे स्वतःची अण्वस्त्रं हवीत. अमेरिकेची आणून ठेवायची की आपली बनवायची, असं विचारल्यावर ६७ टक्के आपली म्हणाले, अमेरिकेची म्हणणारे फक्त ९ टक्के. आणि दहा वर्षांनी सगळ्यात मोठा धोका कोणाचा, याला निम्म्याहून जास्त लोकांचं उत्तर होतं चीन. उत्तर कोरिया बराच मागे. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेच्या पाहणीत बॉम्ब हवा म्हणणारे ७६.६ टक्क्यांवर गेले.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला वाटलं, भीतीपोटीच म्हणत असतील. ते तसं नाही हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी शिकवलं.

त्यांचा जन्म केसाँगचा. ते शहर १९५० पर्यंत दक्षिणेत होतं, युद्धानंतर रेघ सरकली आणि उत्तरेत गेलं. घर, आईची कबर, सगळं तिकडे. त्यांना उत्तरेवर राज्य करणाऱ्या किम घराण्याचा राग आहे, पण बोलताना ते बहुतेक वेळा अमेरिकेबद्दल बोलतात. अमेरिकेशी १९५३ चा संरक्षण करार आहे, तिचे साडेअठ्ठावीस हजार सैनिक देशात आहेत. पण अमेरिकेनं तिथली आपली अण्वस्त्रं १९९१ मध्ये काढून नेली. आणि २०१७ मध्ये उत्तरेनं थेट अमेरिकेपर्यंत पोचतील अशी क्षेपणास्त्रं उडवून दाखवली, तेव्हापासून आजोबांच्या मनात एकच शंका आहे. सोलसाठी अमेरिका आपलं एखादं शहर पणाला लावेल? ते म्हणायचे, "येईन म्हणणारा खोटं बोलत नसतो. मनापासूनच म्हणतो. पण नेमकी त्याच वेळी त्याच्या घराला आग लागली तर?"

एप्रिल २०२३ मध्ये दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी वॉशिंग्टनमध्ये जाहीरनामा काढला, अण्वस्त्रांबाबत सल्लामसलतीची समिती नेमली, जुलैत अमेरिकेची अण्वस्त्रवाहू पाणबुडी बुसानच्या बंदरात येऊन गेली. आजोबांचं समाधान झालं नाही. त्यांची सून मात्र कडाडून विरोधात. ती निर्यातीच्या व्यवसायात आहे. म्हणते, १९७५ पासून आपण अण्वस्त्रप्रसारबंदी करारात आहोत, तो मोडला तर निर्बंध येतील, अणुवीज केंद्रांना लागणारं इंधन बाहेरून येतं ते थांबेल, मग बॉम्ब खाणार का? धोरण ठरवणाऱ्यांत आणि अभ्यासकांतही सामान्य लोकांइतका पाठिंबा नाही. जेवणाच्या टेबलावर सासरा-सून भांडतात आणि शेवटी सूनच त्यांच्या वाटीत सूप वाढते.

एकदा आजोबांनी मला विचारलं, "तुमच्या देशानं केला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" मी खरं ते सांगितलं. मे १९९८ मध्ये मी कॉलेजात होते, पोखरणची बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही मुलींनी वर्गणी काढून फोंड्याच्या बसस्टँडवर पेढे वाटले होते. आजोबा खूश झाले. निर्बंध आले आणि गेलेही, पाहा, असं ते पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत. सून माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. "तुम्ही पेढे वाटून मोकळ्या झालात. राहायचं इथं आम्हाला आहे," एवढंच म्हणाली. तिला काय उत्तर द्यावं हे मला आजही सुचलेलं नाही. पेढे वाटले याची लाज वाटते असंही म्हणवत नाही, आणि ती चुकत होती असंही नाही.

जपानमध्ये वेगळं आहे बरं का. शत्रू तोच, मित्रही तोच. माझी जाऊ सेंदाईला असते. २९ ऑगस्ट २०१७ ला सकाळी सहा वाजता तिच्या फोनवर इशारा आला, क्षेपणास्त्र होक्काइदोवरून समुद्रात गेलं. तरी तिच्या ओळखीत कोणी बॉम्ब हवा म्हणत नाही. बाळगणार नाही, बनवणार नाही, आणू देणार नाही, ही १९६७ पासूनची तीन तत्त्वं तिथं लोकांच्या अंगात मुरली आहेत; हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. जाऊ म्हणते, उत्तर कोरियाचा विषय निघाला की बायका आधी पळवून नेलेल्या मुलांबद्दल बोलतात. नीगाताची तेरा वर्षांची मेगुमी योकोता १९७७ मध्ये शाळेतून परत येताना नाहीशी झाली, ती उत्तर कोरियानं नेली होती. २००२ मध्ये त्यांनी कबूल केलं, पाच माणसं परत आली, ती आली नाही. तिथल्या आयांना क्षेपणास्त्रापेक्षा हे जवळचं वाटतं.

आता मुलीच्या शाळेचं. इथं मी जरा लांबण लावणार आहे, माफ कर.

कोरियातल्या शाळांत जूनमध्ये उत्तर-दक्षिण एकीकरणाच्या विषयावर चित्रं काढून घेतात. मुलं बहुधा नकाशा काढतात, दोन हात, मधे फूल. माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता. त्यानं पत्रादेवीचा नाका काढला. माझ्या आजीचं माहेर हद्दीपलीकडच्या बांद्याचं. पंचावन्न सालच्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली आणि दोन तासांच्या वाटेवरचं माहेर तिला सहा वर्षं तुटलं. त्या काळात तिचे वडील गेले ते तिला दीड महिन्यानं कळलं. ही गोष्ट माझ्या बाबांनी मुलाला २०१९ च्या सुट्टीत याच ओसरीवर सांगितली होती. चित्रात नाक्याचा बांबू वर उचललेला, पोर्तुगीज शिपाई गेलेला आणि नऊवारीतली एक बाई हातात फणस घेऊन चाललेली. आठ दिवस खपला. फणसाचे काटे एकेक करून काढले.

भिंतीवर सगळ्यांची चित्रं लागली, त्याचं लागलं नाही. विषयाला धरून नाही, असं सांगण्यात आलं. मी भेटायला गेले तर म्हणाले, सूचना ॲपवर होती, नकाशा आवश्यक होता. ते ॲप मला उघडत नव्हतं. का, तर नाव. आमच्या जुन्या कागदांत नायकचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, पासपोर्टवर वेगळं. ते प्रतिज्ञापत्र करून जुळवून नेलं होतं. पण तिथं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बँकेनं जागा सोडून लिहिलं आणि फोन कंपनीनं सलग. दोन्ही जुळल्याशिवाय ओळख पटत नाही. बँक म्हणे फोनवाल्यांकडे जा, फोनवाले म्हणे बँकेकडे. अकरा महिने. मी तिथं कोरियन भाषेची परीक्षा दिली, घर चालवलं, आणि मुलाच्या शाळेची एक सूचना मला वाचता येत नव्हती. ज्या देशात कितीतरी घरांचं कोणी ना कोणी रेघेपलीकडे राहिलं, तिथं तुटलेल्या माहेराचं चित्र विषयाला धरून नाही, हे मला अजून गिळवत नाही. म्हणून सांगते, निघण्याआधी तिघांचीही नावं सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर एक करून घे, आणि तिथं पहिल्या आठवड्यात बँक आणि फोन एकाच दिवशी, शेजारी शेजारी कागद ठेवून कर.

एकटेपणाचंही विचारलंस. पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. मराठी घरं मिळतात, आरतीला बोलावतात. पुढे जाते.

३१ मे २०२३. सकाळी सहा एक्केचाळीसला फोन किंचाळला, बाहेर भोंगा. संदेश कोरियनमध्ये: स्थलांतराची तयारी ठेवा, मुलांना आणि वृद्धांना आधी जाऊ द्या. कुठं जायचं, कशासाठी, काही नाही. नवरा कामासाठी उल्सानला. मुलाला उठवलं, पाण्याची बाटली आणि पासपोर्ट घेतले, जिन्यात उभी राहिले. आणि फोन लावला तो इथं, म्हार्दोळला. इथं पहाटेचे तीन वाजून गेले होते. आईनं पहिल्या रिंगलाच उचलला. मी म्हटलं, "काही नाही गं, मुलाकडून चुकून लागला." सात वाजून गेल्यावर दुसरा संदेश आला, पहिला चुकीनं गेला होता. उत्तरेनं उपग्रह सोडला होता, तोही समुद्रात पडला. खालचे आजोबा बनियनवर वर्तमानपत्र घ्यायला आले आणि म्हणाले, "आत जा, पोराला शाळेला उशीर होईल."

त्या बावीस मिनिटांत मला बॉम्बची भीती वाटली का? वाटली. पण आईचा आवाज ऐकल्यावर आठवले ते बाबा. जाताना मी त्यांना दाबोळीच्या विमानतळावर सांगितलं होतं, नुसता फोन करा, दुसऱ्या दिवशी इथं असेन. खोटं बोलले नव्हते, मनापासून म्हटलं होतं. एप्रिल २०२० मध्ये त्यांचा फोन आला तेव्हा भारतात परदेशी विमानं उतरतच नव्हती. बाराव्याचं पान मी फोनवर पाहिलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही, तू येणार होतीस ना. आजोबांचं ते आगीचं वाक्य मी त्यानंतर पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या दिवशी मला त्यांच्याकडे चहा प्यायला बसवलं नाही.

तू जा. नोकरी चांगली आहे, शहर सुरक्षित आहे, मुलगी सहा महिन्यांत त्यांची भाषा बोलायला लागेल. सासूबाईंना मेट्रोतले मुखवटे, ऑगस्टचे भोंगे, सगळं खरं सांग. फक्त त्यांना आणि तुझ्या आईवडिलांना "बोलावलं की येतो" असं सांगू नकोस. काय जमेल तेवढंच सांग: वर्षातून एकदा, मुलीच्या सुट्टीत.

फणसाचं चित्र मी या खेपेला गुंडाळून आणलं आहे. काल ओसरीवर, बाबांच्या तसबिरीखाली, चिकटपट्टीनं लावलं. पावसानं कड सुटते आहे, उद्या बाजारात जाऊन खिळे आणायचे आहेत. पंधरा तारखेपर्यंत इथं आहे, मुलीला घेऊन ये.